वरातीतला 'पिंजरा'

'पिंजरा' लागला तेव्हा आमच्या घरातले पुरुष तो पुन्हा पुन्हा बघून आले. बायकांना कुणी नेलं नाही. "तमाशाचा शिनेमा हाय त्यो," एवढं आज्जी बोलली आणि विषय मिटला. आत्ती तेव्हा कांड्या भरायच्या कामाला जायची. सिनेमा तिला दिसला नाही, पण गाणी एकूणएक पाठ झाली. लग्नाच्या मांडवावरच्या कर्ण्यातून, गणपतीच्या मिरवणुकीतून आणि सगळ्यात जास्त वरातीच्या बँडमधून.

सिनेमा 1972 चा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, गाणी जगदीश खेबूडकरांची, संगीत राम कदमांचं आणि लावण्यांना आवाज उषा मंगेशकरांचा. खेबूडकर पेशानं शिक्षक. तमाशातल्या बाईपायी धुळीला मिळणाऱ्या मास्तराची गाणी एका मास्तरानंच लिहिली, याची आण्णांना भारी मौज वाटायची. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. कारखान्यात जॉबर होते, त्यामुळे बिघडलेला माग आणि बिघडलेला माणूस या दोन्हींबद्दल त्यांची मतं पक्की.

आमच्या इचलकरंजीनं गाणं कसं ऐकलं हे कळायला आधी इथला खडखडाट डोक्यात घ्यावा लागतो. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचं त्यामागं पाठबळ होतं. याच संस्थानानं ग्वाल्हेरहून ख्याल शिकून आलेल्या बाळकृष्णबुवांना दरबारात ठेवलं आणि बुवा 'इचलकरंजीकर' झाले. एकाच गावात ख्याल आणि धोटा. पुढं धोट्यानं एवढा आवाज केला की बुवांचं नाव संगीताच्या पुस्तकात उरलं आणि गावाच्या कानात उरली ती खटखट. कारखान्यात शेजारच्या मागावरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही; हातवारे आणि ओठांची हालचाल यांवरच पाळी निघते. ('पिंजरा'चे मास्तर म्हणजे डॉक्टर श्रीराम लागू, मुळात कान-नाक-घशाचे सर्जन. त्यांनी इथं दवाखाना थाटला असता तर नाटकाला वेळच मिळाला नसता.)

अशा कानांना शब्दांची फार मातब्बरी नसते. आण्णा म्हणायचे, "शब्द कशाला पायजेत? ठेका घावला की गाणं घावलं." आठवड्याचा पगार हातात पडला, त्यात कुणाच्या घरी लग्न असलं, की पाळी सुटल्यावर माणसं वरातीपुढं नाचायला यायची. क्लॅरिनेटवाला पुढं. मागं साईड ड्रम, ढोल, खुळखुळा. लावणीतली बाईच्या आवाजाची लचक क्लॅरिनेटमधून निघायची. आत्ती सांगते की एक म्हातारा वादक अंतऱ्यावर डोळे मिटायचा आणि नवरदेवाचा घोडा खोळंबला तरी त्याला पर्वा नसायची.

आण्णांकडून ऐकलेली खरी गोष्ट पुढचीच. बँडवाले 'पिंजरा'ची गाणी वाजवायचे ते घरचं लेणं अंगावर घालावं तसे, कारण राम कदम मिरजेचे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत वाढलेले. तिथून ते प्रभात फिल्म कंपनीत गेले आणि पुढं संगीतकार झाले. शांतारामबापूही कोल्हापूरचेच, प्रभात 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. म्हणजे बँडमधल्या पोरानं रचलेली चाल तबकडीवर गेली, मुंबईच्या गायिकेच्या गळ्यातून आली आणि वर्षभरात मिरज-इचलकरंजीच्या बँडमध्ये परत पोचली. आता यातली नक्कल कुठली? जाणकार तबकडीकडं बोट दाखवून तिला मूळ म्हणतील. मला ते पटत नाही. माझ्या लेखी तबकडी हा त्या चालीचा मधला मुक्काम आहे.

तसं बघायला गेलं तर सिनेमाही उसन्या कथेवरचा. 1930 चा जर्मन 'द ब्लू एंजल', त्याच्याही मागं हाइनरिख मानची 1905 ची कादंबरी. तिथला प्रोफेसर नाचगाण्यातल्या बाईपायी विदूषक झाला, इथला मास्तर तमाशाच्या फडावर राबला. शांतारामबापूंनी 'पिंजरा' हिंदीतही काढला, पण हिंदीतल्या लावण्या आमच्या गल्लीत कुणी वाजवल्याचं कुणाला आठवत नाही.

मग कॅसेटी आल्या. कोरी कॅसेट दुकानात देऊन 'भरून' घ्यायची, हा त्या काळचा उद्योग. त्याबरोबर दुसरा एक धंदा उभा राहिला. मूळ गाण्याचं स्वामित्वधन भरून तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून नव्यानं रेकॉर्ड करायची वाट कायद्यात होती. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजनं जुन्या हिंदी गाण्यांचा या वाटेवर बाजार मांडला आणि बाकीच्यांनी कित्ता गिरवला. धाकट्या काकांनी लावण्यांची अशीच एक स्वस्तातली कॅसेट आणली. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत आत्ती चुलीपुढून म्हणाली, "ही उषा न्हवं." काकांनी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. खरंच नव्हती. गंमत अशी की हीच आत्ती क्लॅरिनेटवरच्या लावणीला कधी खोटी म्हणाली नाही. वाद्यानं कुणाच्या गळ्याचं सोंग घेतलं नव्हतं ना. सोंग तेवढं तिला खपत नसे.

गल्लीत टीव्ही आल्यावर तिनं 'पिंजरा' पहिल्यांदा पाहिला. एवढी वर्षं ती समजत होती की हा मौजेचा, नाचगाण्याचा सिनेमा आहे. लग्नात वाजतो म्हणजे गोड शेवटाचाच असणार. आणि इथं तर मास्तराचा पुतळा उभारून गाव त्याला देव करतं, आणि खरा मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशी जातो. आत्ती भडकली. "असली गाणी नवरानवरीपुढं वाजवत्यात व्हय रं?" आण्णा शांतपणे म्हणाले, "बँडात मास्तर मरत न्हाई, आक्का."

आता वरातीत बेंजो असतो. टेम्पोवर स्पीकरची भिंत, वर बेंजोवाला पोरगा, आणि सगळी गाणी एकाच धावत्या चालीत. गेल्या लगीनसराईत अशाच एका पोरानं 'पिंजरा'तली लावणी घेतली आणि अंतरा गाळून पुन्हा मुखड्यावर उडी मारली. आत्ती आता ऐंशीच्या घरात आहे. काठी टेकत ती टेम्पोपाशी गेली, पोराला खाली वाकायला लावलं आणि सगळ्या गोंगाटात त्याच्या कानात अंतऱ्याची चाल गुणगुणली, नुसती, शब्दांशिवाय. त्यानं एकदा मान हलवली, तारांवर दोनदा चाचपून बघितलं आणि अंतरा घेतला. दुसऱ्या ओळीला चुकला, पण घेतला.