प्रस्तावना : कार पॉलिशमधील अपघर्षकांविषयी

गाडीला पॉलिश मारणे म्हणजे तिचा रंग थोडासा झिजवणे. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून जपणारा हाच थर, आणि त्यातला घासून गेलेला भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणूनच बाटलीवरच्या शब्दाचा चुकीचा अर्थ लावणे इथे महागात पडते.

चकाकी येते कशी, हा प्रश्न जुना आहे. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये काचेच्या संदर्भात त्याचा विचार केला होता. पॉलिश केल्याने पृष्ठभाग निर्दोष सपाट होत नाही, ओरखडे फक्त डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होतात, असे त्याचे म्हणणे. कारच्या रंगाकडे पाहतानाही ही दृष्टी उपयोगी पडते. सावलीत उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर टॉर्चचा झोत टाकून पाहा. प्रकाशबिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील. हेच स्वर्ल मार्क. टॉर्च सरकवला की वर्तुळेही सरकतात. ओरखडे खरे तर सगळ्या दिशांना पसरलेले असतात. प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकून उठतात.

हे ओरखडे उतरवण्याचे काम आधुनिक पॉलिशमध्ये बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे ॲल्युमिनाचे कण करतात. माणिक आणि नीलम याच द्रव्याचे. स्फटिकरूपात त्याचे काठिण्य मोहस श्रेणीवर ९, हिऱ्याचे १०. पण कठीण कण म्हणजे जोरदार घासणी, हे समीकरण फसवे आहे. तेच द्रव्य जाडसर कंपाउंडमध्ये असते आणि शेवटचा हात फिरवण्याच्या पॉलिशमध्येही. फरक पडतो तो कणांचा आकार, त्यांचा एकसारखेपणा, प्रमाण आणि त्यांना वाहून नेणारा द्रव यांमुळे.

परिभाषेतला सर्वांत मोठा गोंधळ कणांच्या वागण्याबद्दल आहे. ‘डिमिनिशिंग’ अपघर्षकांत बारीक कणांचे पुंजके असतात. पॅडच्या दाबाखाली ते फुटत जातात, सुरुवातीला जोरात आणि मग हळुवार घासतात. पुंजके पुरते फुटण्याआधी मशीन थांबवले तर रंगावर धूसर झाक राहते. ‘नॉन-डिमिनिशिंग’ कण सुरुवातीपासूनच बारीक आणि एकसारखे असतात आणि शेवटपर्यंत जवळपास तसेच राहतात. मेग्वायर्सच्या एम १०५ आणि एम २०५ या पॉलिशमुळे त्या कंपनीचे ‘स्मॅट’, म्हणजे सुपर मायक्रो अॅब्रेसिव्ह टेक्नॉलॉजी, हे नाव सर्वतोमुखी झाले. ते एका कंपनीने दिलेले नाव आहे. साऱ्या वर्गासाठी ते वापरू नये.

पॉलिश पेपरला फेपा या युरोपीय संघटनेची ‘पी’ मालिका आहे. पी २००० म्हटले की कणांचे सरासरी माप सुमारे १० मायक्रॉन, हे ठरलेले. बाटलीतल्या पॉलिशला असे सर्वमान्य माप नाही. ‘कट’, ‘फिनिश’, ‘मीडियम’ हे शब्द प्रत्येक उत्पादक आपल्या मापाने वापरतो. एका कंपनीचे कंपाउंड दुसरीच्या पॉलिशइतके सौम्य असू शकते. ग्लेझ तर निराळेच : त्यातले तेल आणि भरण ओरखडे झाकते, चार धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात. शिवाय ‘कट’ हा एकट्या द्रवाचा गुण नव्हे. पॅड लोकरीचे की फोमचे, मशीन रोटरी की ड्युअल अॅक्शन, रंग कडक की मऊ, यांवर तो ठरतो.

डिटेलिंगचे काम करणारे, रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि आपल्या गाडीवर जीव असलेले मालक, या सगळ्यांचे या विषयात मनापासून स्वागत आहे. या अभ्यासाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती शिस्तीची नोंद. कोणते पॉलिश, कोणते पॅड, किती वेग, किती फेऱ्या, हे लिहून ठेवा. आधी वीतभर जागेवर करून पाहा, ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मगच निष्कर्ष काढा. आणि सर्वांत सौम्य पॉलिशने काम भागत असेल, तर तिथेच थांबा.