रविवारची सुट्टी आणि खिशातला भोंगा

मे महिन्यात घरच्यांना घेऊन कोकणात गेलेला माणूस दिवसातून चार वेळा ऑफिसचे मेसेज बघतो. आपण त्याला काय म्हणतो? ‘अरे, जरा ठेव ना तो फोन बाजूला!’ म्हणजे दोष त्याच्या सवयीचा, त्याच्या मनोनिग्रहाचा. आमच्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना हा इच्छाशक्तीचा प्रश्न वाटणं साहजिक आहे. पण इतिहास वेगळं सांगतो. सुट्टी माणसाच्या इच्छाशक्तीवर कधी उभी नव्हतीच. काम सगळ्यांसाठी एकदम थांबतं, यावर ती उभी होती. आज एवढाच मुद्दा आपण तपासणार आहोत.

आधी शब्द पाहू. मराठीत दोन शब्द आहेत : सुट्टी आणि रजा. सुट्टी ‘सुटणे’च्या घरातली. शाळा सुटते, गिरणी सुटते, दावं सुटतं. रजा अरबी-फारसीतून आली, तिचा मूळ अर्थ मर्जी, संमती. रजा कोणीतरी देतो आणि देणारा ती परतही घेऊ शकतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुंबईच्या गिरण्यांत जाऊ. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानं मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांना काही नाही. सणावारी गिरणी बंद राही, अधूनमधून रविवारीही राही. पण त्या रविवारी यंत्रं पुसायला, साफ करायला कामगारांना बोलावत. अर्धा दिवस त्यातच जाई. म्हणजे नावाला सुट्टी, प्रत्यक्षात हात तेलकट. सुट्टीत ‘फक्त पाच मिनिटं मेल बघतो’ म्हणणाऱ्यांनी हे पूर्वज ओळखावेत.

१८८४ मध्ये सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या बघा किती साध्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. पुढे सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानं आठवड्याच्या सुट्टीला सरकारी आधार मिळाला.

आता यातली गोम पाहा. सुट्टी कोणा एका मालकानं दिली नाही, संघानं दिली. एकट्यानं गिरणी बंद ठेवावी तर शेजारचा सूत काढतच राहणार, ही भीती प्रत्येकाला होती. कामगाराचंही तेच. एकटा घरी बसला तर तो गैरहजर, सगळे बसले तर ती सुट्टी. त्या काळी गिरणीत वाफेचं एक इंजिन असे आणि त्यावर पट्ट्यांनी शेकडो माग चालत. इंजिन थांबलं की सगळेच सुटले. ‘मी आज येणार नाही’ असं म्हणण्याचं धाडस कोणालाच करावं लागत नसे.

याच काळात साहेबांची सुट्टी कशी होती? १८६४ पासून सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. मुंबई सरकारही उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाई. सोबत दफ्तरं जात, कारकून जात, तारायंत्र जाई. काम थांबत नसे, ते थंड हवेत बसून होई. संपर्कात राहणं हे तिथं सत्तेचं लक्षण होतं. संपर्क तुटला की हुकूमत तुटली.

म्हणजे दोन परंपरा झाल्या. साहेबाला सुट्टीतही जोडलेलं राहायचं होतं, कामगाराला सुटायचं होतं. आज झालंय असं की साध्या नोकरदाराच्या वाट्याला साहेबाचा संपर्क आला, पण हुकूमत नाही आली. सिमल्याहून तार करणारा हुकूम सोडत होता. कोकणातल्या अंगणात बसलेला आपला माणूस हुकूम घेतोय.

आणखी एक गोष्ट तारेची. १८५५ पासून तार सर्वसामान्यांना खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेला शब्दांवर पैसे पडत आणि ते पाठवणारा भरी. रजेवरच्या माणसाला बोलवायचं तर साहेब दोनदा विचार करी : खरंच इतकं अडलंय का? मेसेजला पाठवणाऱ्याचे पैसे जात नाहीत. किंमत घेणारा मोजतो, आपल्या सुट्टीतून. इतका फुकट निरोप इतिहासात कधी नव्हता, म्हणून इतके निरोपही नव्हते.

काही देशांनी हे ओळखलं. फ्रान्समध्ये २०१६ साली कायदा झाला, तो १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. त्यात ५० आणि त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना संपर्क तोडण्याच्या हक्कावर वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, नकार अवाजवी नसेल तर, कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

यावर आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. फोन आहे म्हणून तर गणपतीला आठ दिवस गावी राहता येतं, नाहीतर दीड दिवसात परतावं लागलं असतं. शिवाय दवाखाना, वीज, पाणी यांचं इंजिन थांबवता येत नाही. मग काय करायचं?

याचंही उत्तर गिरणीतच सापडतं, पण ते सावधपणे घ्यायला हवं. गिरणीत बदली कामगार असत. कोणी आलं नाही की त्याचा माग बदलीवाला चालवी. माग चालू आणि गेलेला माणूस मोकळा. पण बदलीवाल्याचे हाल विसरू नका. रोज सकाळी दारात उभं राहायचं, काम मिळालं तर मजुरी, नाही तर रिकाम्या हातानं चाळीत परत. म्हणून बदली हवी, पण ती पूर्ण पगाराची, ठरलेल्या पाळीची. आजच्या ऑफिसांनी बदली काढून टाकली आणि रजेवर गेलेल्यालाच स्वतःचा बदलीवाला केलं. समुद्रकाठी बसून तो स्वतःच्या मागावर उभा असतो. आपल्या शब्दांत सांगायचं तर रजा मंजूर झाली, सुट्टी झाली नाही.

तेव्हा त्या माणसाला फोन ठेव म्हणण्यापूर्वी त्याच्या ऑफिसला एक साधा प्रश्न विचारू या : हा गावी गेलाय तोवर याचं काम कोणाकडे दिलंय? नाव सांगता आलं तर त्याला खुशाल म्हणू, ठेव फोन. नाव सांगता आलं नाही, तर त्याला उपदेश करून काय उपयोग? लोखंड्यांनी कामगारांना मन आवरायला सांगितलं नव्हतं. त्यांनी सह्या गोळा केल्या.

आता प्रश्न घेऊ.