तळटीप : ‘ब्राइटचा विकार’

* लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावरील सूज, मूत्रातून जाणारी प्रथिने आणि शवविच्छेदनात आढळणारी विकृत मूत्रपिंडे यांचा परस्परसंबंध प्रस्थापित केला, म्हणून या विकारास त्यांचे नाव मिळाले. परंतु अशा रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण करणारे त्यांचे सहकारी जॉन बॉस्टॉक यांच्या खाती त्या श्रेयाची नोंद क्वचितच होते, हे न्याय्य नव्हे. या विकारात मूत्रावाटे जावयाचा युरिया रक्तात साचतो. क्रिएटिनिन व फॉस्फेट वाढतात, कॅल्शियम बहुधा उतरते, रक्त आम्लतेकडे झुकते, आणि पोटॅशियम बेसुमार चढल्यास हृदय अकस्मात थांबण्याची धास्ती असते. येथे लेखकाने वर्णिलेली रुग्णाची फिकट कांती मात्र, तो समजतो त्याप्रमाणे, केवळ उपासमारीची नव्हे: अस्थिमज्जेस तांबड्या पेशी घडविण्याचा जणू हुकूमच देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक प्रौढ माणसात मुख्यत्वे मूत्रपिंडांतच निर्माण होते, आणि ती जीर्ण झाली की रक्तक्षय ओघानेच येतो. हे संप्रेरक कृत्रिम रीतीने तयार करून औषध म्हणून देण्यास अमेरिकेत थेट १९८९ साली मंजुरी मिळाली; तोवर लोह आणि परक्याचे रक्त यांवरच मुख्य भिस्त होती. — संपादक