प्रेमभंगाचे हसू: गोविंदाग्रज ते केशवकुमार

मराठीत प्रेमभंगावर विनोद लिहिण्याची प्रथा खऱ्या अर्थाने रुजली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत. विरहाची थट्टा त्याआधीही होत होती. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या माहाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत रुसवे आहेत, परतून न आलेले प्रवासी आहेत आणि त्यांना टोमणे मारणाऱ्या बायकाही आहेत. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर पुरुषाने वठवलेली मावशी असते आणि राधेच्या व्याकुळतेशेजारीच तिच्या चुरचुरीत बोलण्याला हशा मिळतो. पण ही थट्टा नवराबायकोंची किंवा राधाकृष्णाची. एखाद्या तरुणाने मुलीवर जीव जडवावा, तिने किंवा तिच्या घरच्यांनी नकार द्यावा आणि त्याने झुरत बसावे, या अनुभवाला पांढरपेशा घरांत जागाच नव्हती. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की तिचे लग्न ठरे. प्रेम जडायचे ते लग्नानंतर, आणि तेही जडलेच तर.

हे चित्र सावकाश बदलले. पुण्यात 1884 मध्ये मुलींची हुजूरपागा शाळा निघाली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली आणि 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. मुली शाळा-कॉलेजात दिसू लागल्या, इंग्रजी काव्य वाचलेल्या तरुणांच्या मनात आपल्या पसंतीच्या सहचरीची कल्पना घर करू लागली. लग्ने मात्र पूर्वीसारखीच जात, पत्रिका आणि हुंडा पाहून ठरत होती. मन एकीकडे आणि रीत दुसरीकडे, अशा कोंडीत सापडलेल्या पिढीने प्रेमभंगाची कविता लिहिली. त्या कवितेवरचा विनोदही त्याच पिढीने लिहिला, ही या इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे.

रंगभूमीवर त्याची सुरुवात गोविंद बल्लाळ देवल यांनी करून दिली. मोलिएरच्या एका फ्रेंच प्रहसनाचे कथानक इंग्रजीमार्गे त्यांच्याकडे आले आणि त्यातून ‘संशयकल्लोळ’ हे संगीत नाटक तयार होऊन 1916 मध्ये रंगभूमीवर आले. रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतात आणि तिच्याजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर खाली पडते. नवरा परक्या बाईला सावरतो आहे, हे कृत्तिकेला दिसते. ती पडलेली तसबीर कृत्तिका उचलते, आणि बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर आहे, हे फाल्गुनरावांना दिसते. एका तसबिरीपायी एक संसार आणि एक जुळत आलेले प्रेम अशी दोन्ही मोडायच्या बेतास येतात. पात्रांची नावे महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून घेण्याची देवलांची युक्ती प्रेक्षकाला पहिल्यापासूनच हसण्याच्या तयारीत ठेवते. शेवटी सारे जुळते, त्यामुळे हा प्रेमभंग टळलेला प्रेमभंग आहे.

खराखुरा भंग आणि खराखुरा विनोद एका लेखणीतून उतरला तो राम गणेश गडकरी यांच्या. ते 1885 मध्ये जन्मले आणि 1919 च्या जानेवारीत, वयाची चौतीस वर्षेही पुरी होण्याआधी, नागपूरजवळच्या सावनेर येथे वारले. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. गोविंदाग्रजांच्या ‘वाग्वैजयंती’तले प्रेम बहुतांशी विफल झालेले, जळणारे, कधी शाप देणारे प्रेम आहे. बाळकरामाच्या लेखांत मात्र ठकी नावाच्या मुलीच्या लग्नासाठी तिंबूनाना आणि मंडळी मोहिमेवर निघावे तशी वराच्या शोधात निघतात, आणि जिथे तिथे फजिती पदरात पाडून घेतात. हा वारसा त्यांनी आपले गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधून घेतला, पण कोल्हटकरांचा रोख रूढींवर अधिक होता. गडकऱ्यांच्या दोन नावांमागे दोन वेगळी माणसे शोधणे चुकीचे ठरेल. जी लग्नपद्धती गोविंदाग्रजांच्या कवितेत प्रेमाचा घास घेते, तिचीच बाळकराम फटफजिती करतो.

त्यांच्या ‘भावबंधन’ नाटकात हे दोन्ही सूर एकाच मंचावर येतात. लतिकेने अपमान करून झिडकारलेला घनश्याम सूडाने पेटतो. त्याच नाटकात कामण्णाची लग्नाची हौस प्रेक्षकांना पोट धरून हसवते. बळवंत संगीत मंडळीच्या प्रयोगांत घनश्याम चिंतामणराव कोल्हटकरांनी आणि लतिका दीनानाथ मंगेशकरांनी रंगवली. नकार मिळालेल्या दोन पुरुषांपैकी एक भयंकर होतो आणि दुसरा हास्यास्पद. गडकऱ्यांना त्या अनुभवाची दोन्ही टोके ठाऊक होती, म्हणूनच हा मेळ साधला.

पुढचा टप्पा पुण्यातला. 1923 मध्ये तिथे रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमाबाई रानडे हे कवी एकत्र जमत, कविता म्हणत, त्यांवर चर्चा करत. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी तिकडच्या प्रेमकवितेतला तळमळणारा आशिक मराठीत आणला. या काव्याचे चाहते वाढले तसे त्याचे अनुकरण करणारेही वाढले. चंद्र, अश्रू, उसासे आणि निष्ठुर सखी यांची एक ठरावीक सामग्री झाली.

त्या सामग्रीवर प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने हात टाकला. गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या अत्र्यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह 1925 मध्ये आला. त्यांची रीत अशी: वृत्त जपायचे, लय जपायची, आर्त सूर तसाच ठेवायचा आणि आतला विषय बदलायचा. ‘परीटास’ या कवितेत आळवणी विरहिणीची आहे, पण वाट पाहायची आहे ती कपडे घेऊन गेलेल्या परटाची. ‘प्रेमाचा गुलकंद’ त्याहून वरची आहे. एक तरुण एका मुलीला नेमाने गुलाब आणून देतो, ती ते घेते. महिने लोटतात, तिचे मन काही कळत नाही. अखेर तो विषय काढतो तेव्हा ती आत जाऊन त्याच फुलांचा गुलकंद आणून त्याच्यापुढे ठेवते. पुस्तकातून शिकलेले प्रेम मराठी घरात शिरले की काय होते, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी सांगितले असेल. काव्यात गुलाब हे हृदय असते. स्वयंपाकघरात तो साखरेत मुरवून पित्तावर घ्यायचा असतो. मुलगी दुष्ट नाही, तरुण मूर्ख नाही. दोघे दोन वेगळ्या जगांत वावरतात, एवढाच तो प्रेमभंग. म्हणूनच ही कविता आजही पाठ म्हटली जाते.

विडंबनाने प्रेमकविता मेली नाही. ‘झेंडूची फुले’ आल्याच्या पुढच्याच वर्षी माधव जूलियनांचे ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य प्रसिद्ध झाले आणि विफल प्रेमाची ती दीर्घ कहाणी तरुणांनी आवडीने वाचली; 1933 मध्ये ‘गज्जलांजलि’ आली. साहित्यविश्वाने दोघांनाही मान दिला. जळगावच्या 1936 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माधव जूलियन होते, नाशिकच्या 1942 च्या संमेलनाचे अत्रे. दरम्यान अत्र्यांनी हा विनोद नाटकात आणि बोलपटातही नेला. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ (1938) या चित्रपटाच्या कथेत स्त्रीपासून दूर राहण्याचा निश्चय केलेला तरुण प्रेमात सापडतो आणि त्याच्या प्रतिज्ञेचे धिंडवडे निघतात. पुढे मंगेश पाडगांवकरांच्या वात्रटिका आणि गावोगावची हास्यकविसंमेलने यांनी नकार मिळालेल्या प्रियकराला हक्काचे व्यासपीठ दिले. तिथे कवी आपलीच फजिती प्रथमपुरुषी सांगू लागला.