'सगळं आलं त्यात' : मनगटावरच्या पट्ट्याची गोष्ट

मागच्या दिवाळीत आमच्या गटातल्या एका ताईंच्या न्याहारी-निवासासाठी पुण्याहून फोन आला. माणसं सहा, मुक्काम तीन रात्री. सगळं ठरलं आणि शेवटी पलीकडून प्रश्न आला, "पॅकेजमध्ये सगळं आलं ना? नंतर वरचे पैसे नकोत." ताईंनी फोनवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं. सगळं म्हणजे काय काय? चहा किती वेळा? सुरमई की बांगडा? त्या बैठकीचा पाऊण तास यातच गेला. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण 'सगळं आलं त्यात' या तीन शब्दांनाही इतिहास आहे, हे कुणी शिकवलं नव्हतं. तो नंतर शोधून वाचला, म्हणून आज सांगतो.

सुरुवात तंबूत झाली. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. 1950 च्या उन्हाळ्यात जेरार ब्लित्झ या बेल्जियमच्या वॉटर पोलो खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर, अल्कुदियाच्या समुद्रकाठी, लष्कराकडून उरलेले तंबू ठोकले. पैसे एकदाच भरायचे. राहणं, जेवण, पोहणं, खेळ त्यातच. काम करणारे आणि पाहुणे एकाच टेबलावर जेवायचे. हाच तो क्लब मेड. तिथे बारमधल्या दारूचे पैसे मात्र वेगळे, आणि पुढे तेही नाण्यांत नव्हे, तर गळ्यातल्या माळेचे मणी काढून द्यायचे! पोहायच्या कपड्यांना खिसा नसतो, हे खरंच. पण खिसा नसला की खर्च दुखतही नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. गटाची वही लिहिणाऱ्या आम्हाला ते मणी काही केल्या विसरता येत नाहीत.

पुढचं पाऊल जमैकात पडलं. 1970 च्या दशकात तिथलं राजकारण हिंसक झालं होतं, पाहुणे फाटकाबाहेर पडायला घाबरत. मग सगळंच फाटकाच्या आत आणलं गेलं. 1981 मध्ये बुच स्टुअर्ट यांनी माँटेगो बे इथे 'सँडल्स' सुरू केलं. हे गृहस्थ मूळचे एअर कंडिशनर विकणारे. आता दारूही दरात आली. माळेची गरज संपली, आणि अशा हॉटेलांत मनगटावर रंगीत पट्टा आला. पट्टा दाखवा, हवं ते घ्या.

पण आम्हाला जास्त सांगायचंय ते मेक्सिकोतल्या कॅनकूनबद्दल, कारण ते गाव कागदावर आखून वसवलेलं आहे. साताच्या आकड्यासारखी वाळूची अरुंद पट्टी, एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला शांत खारं पाणी. 1960 च्या दशकात मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने ही जागा निवडली. देशाला डॉलर हवे होते. शिवाय शेजारच्या युकातानमध्ये घायपाताच्या धाग्याचा धंदा नायलॉनच्या दोरांमुळे बसत चालला होता, तिथल्या हातांना काम हवं होतं. 1970 मध्ये काम सुरू झालं, 1974 मध्ये पहिली हॉटेलं उघडली. आखणी अशी, की वाळूच्या पट्टीवर हॉटेलं आणि अलीकडे जमिनीवर कामगारांचं शहर. 2020 च्या जनगणनेत त्या शहराची वस्ती 8 लाख 88 हजारांवर गेली होती.

ती पट्टी किती सहज तोडता येते, ते 2003 मध्ये दिसलं. जागतिक व्यापार संघटनेची परिषद तिथे भरली, तेव्हा देशोदेशींच्या शेतकऱ्यांचा मोर्चा हॉटेलांच्या रस्त्याच्या तोंडाशीच कुंपण घालून अडवला गेला. परिषदेची जागा तिथून कितीतरी किलोमीटर लांब होती.

या हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या कितीतरी बाया माया समाजाच्या, खेड्यांतून आलेल्या. घरी माया भाषा, साहेबाशी स्पॅनिश, पाहुण्याशी जमेल तेवढी इंग्रजी. कित्येकींची मुलं गावाकडे आजीजवळ वाढतात. आपल्याकडे मुंबईहून गणपतीला चाकरमानी येतात, तशा त्या सणाला गावी जातात. पगारापेक्षा त्यांचा डोळा बक्षिसीवर असतो. आता सांगा, पट्टा बांधून खिसा रिकामा ठेवून फिरणारा पाहुणा उशाशी काय ठेवणार?

सुरुवातीला कॅनकूनची हॉटेलं बहुतेक नुसती खोली देत. माणसं जेवायला, हिंडायला बाहेर पडत. सप्टेंबर 1988 मध्ये गिल्बर्ट वादळाने हॉटेलं झोडपली. पुन्हा उभी राहिली तेव्हा पाहुणे खेचायला दर पाडावे लागले, आणि स्वस्त खोल्यांमागे अमेरिकेतली कॉलेजची पोरं मार्चच्या सुट्टीत लोटली. अमेरिकेत 1984 च्या कायद्यानंतर दारू पिण्याचं वय 21 झालं होतं, मेक्सिकोत ते 18. बाकी सांगायला नको. पट्टीच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या नवव्या किलोमीटरपाशी, पहाटेपर्यंत चालणारे नाचाचे क्लब उभे राहिले. 2005 च्या विल्मा वादळानंतर 'सगळं आलं त्यात' हा बेत आणखी पसरला आणि बाहेरच्या खानावळवाल्यांची तक्रार वाढली, की गिऱ्हाईक फाटकातून बाहेरच येत नाही.

त्या रात्रींचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. दारू, अमली पदार्थ, खंडणी, सगळं त्यांच्या मागोमाग आलं. तरी एक गोष्ट वाचून आम्ही थबकलो. हॉटेलचा पट्टा त्या क्लबात चालत नाही. नाचायचं तर पाहुण्याला बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडला की टॅक्सीवाल्याला, बसवाल्याला, रात्री टाको विकणाऱ्या गाडीवाल्या बाईला चार पैसे मिळतात. पहाटे पोरं त्याच रस्त्याने परततात, ज्या रस्त्याने बाया कामावर निघालेल्या असतात.

किनारा मात्र मेक्सिकोच्या कायद्याने सगळ्यांचाच. तरी वाट हॉटेलांमधून जात असल्याने गावकऱ्यांना पाण्यापर्यंत पोचणं अवघड व्हायचं. 2020 मध्ये कायदा सुधारून, वाट अडवणाऱ्याला दंड ठेवला गेला. पन्नास वर्षं लागली.

पुण्याच्या पाहुण्यांचं सांगायचं राहिलं. वहीत आधी आम्ही तिन्ही जेवणं धरली होती, दर चांगला बसत होता. मग बंदरावर तिसऱ्या विकणारी मावशी आणि तिठ्यावरची वडा-उसळवाली डोळ्यांसमोर आली. त्या दोघी आमच्या गटात नाहीत, हेही बैठकीत बोललं गेलं, आणि थोडं मोठ्याने बोललं गेलं. शेवटी न्याहारीचे घावणे आणि रात्रीचं जेवण एवढंच दरात धरलं. दुपारचं खोडलं. ताईंनी फोन लावला आणि म्हणाल्या, "सगळं नाही हो आलं. दुपारी तुम्ही बंदरावर जायचं, कुठे जेवायचं ते मी सांगते."