‘टेरारिया’तील दिव्यांचे उपयोग

‘री-लॉजिक’ या अमेरिकन कंपनीने २०११ साली आणलेल्या ‘टेरारिया’ या संगणकीय खेळात अंधारात तग धरावयाचा, तर योग्य जागी योग्य दिवा निवडावा लागतो. १ लाकूड व १ जेल यांपासून ३ मशाली तयार होतात. जेल ‘स्लाइम’ मारल्यावर मिळते. भुयारात मशाली लावत गेल्यास परतीची वाट सापडते. साधी मशाल मात्र पाण्यात निरुपयोगी ठरते. तेथे ग्लोस्टिक वापरावी. खोल विवरात ती आधी टाकल्यास तळाचा अंदाज येऊन जीवघेणी उडी टळते. घरात इतर सामान असले, तरी दिव्यावाचून व्यापारी, परिचारिका आदी पात्रे वस्तीला येत नाहीत. ‘वॉटर कँडल’ मात्र जपून लावावी. तिच्यामुळे शत्रूंची संख्या वाढते.