शिकागोचा किनारा आणि त्याचे मोल

शिकागो हे नाव मराठी वाचकाच्या कानी पडते ते बहुधा १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेमुळे. ११ सप्टेंबर रोजी ज्या वास्तूत स्वामी विवेकानंदांचे पहिले भाषण झाले, ती आज त्या शहराचे कलासंग्रहालय म्हणून उभी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ते भाषण नव्हे, तर त्या वास्तूच्या पायाखालची भूमी हा आहे. मूळची ती भूमीच नव्हती. मिशिगन सरोवराचे पाणी तेथवर येत असे. १८७१ च्या आगीत भस्मसात झालेल्या शहराच्या विटा, राख आणि राडारोडा पाण्यात लोटून त्या पट्ट्याचा बराच भाग पुढे भरून काढण्यात आला.

या किनाऱ्याचे दुर्दैव आगीच्याही आधीचे होते. १८३६ मध्ये कालव्याच्या आयुक्तांनी जमिनीचे नकाशे काढले, तेव्हा सरोवराकाठची एक पट्टी सर्वांसाठी सदैव मोकळी राहावी, तिच्यावर कोणतीही इमारत उठू नये, असे त्यांनी नकाशावरच नोंदवून ठेवले. परंतु नकाशावरील अक्षरांना लाटा जुमानीत नाहीत. वादळागणिक काठ ढासळत होता आणि मिशिगन अॅव्हेन्यूवरील धनिकांची घरे धोक्यात आली होती. बांध हवा होता. त्यासाठी कर देण्यास मात्र फारसे कोणी राजी नव्हते. नेमक्या याच वेळी इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनी शहरात शिरण्याची वाट शोधीत होती. १८५२ मध्ये सौदा ठरला: लाटा अडविणारा बांध कंपनीने स्वखर्चाने बांधावा आणि त्याच्या मोबदल्यात काठालगत पाण्यातून रूळ न्यावेत. सरोवरात खांब ठोकून त्यांवरून आगगाड्या धावू लागल्या. नगरपालिकेचा पैसा वाचला खरा. पण नागरिक आणि पाणी यांच्यामध्ये धूर ओकणारी एक भिंत उभी राहिली. हे मोल पुढील दीडशे वर्षे फेडावे लागले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

कंपनीची भूकही वाढतच गेली. १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने, राज्यपालांचा नकाराधिकार डावलून, सरोवराच्या तळाची सुमारे १००० एकर जमीन तिला बहाल केली. लोकक्षोभ झाला आणि १८७३ मध्ये तो कायदा रद्द ठरविण्यात आला. कंपनी न्यायालयात गेली. अखेर १८९२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की अशी जलभूमी सरकार जनतेची विश्वस्त म्हणून धारण करते. ती खाजगी मालमत्तेसारखी उधळता येत नाही. अवघ्या एका मताने तगलेले हे तत्त्व पुढे दूरवर पोहोचले. हिमाचल प्रदेशात बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलाच्या सोयीसाठी वळविल्याचे प्रकरण १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा निकालपत्रात याच इलिनॉयच्या खटल्याचा आधार घेण्यात आला.

त्याच सुमारास माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८३६ ची ती नोंद उकरून काढली आणि १८९० पासून १९११ पर्यंत दावे लढवून किनारा इमारतींपासून राखला. शहरवासीयांनी त्याला मधूनमधून आडमुठा ठरविले. आज तेथील उद्यानात फिरणारे त्याचे ऋणी आहेत.

मात्र जे रेल्वेने केले तेच पुढे शहराने स्वतःच्या हाताने केले. बर्नहॅमच्या १९०९ च्या आराखड्यानंतर भराव घालून उद्याने झाली, आणि त्या उद्यानांतूनच लेक शोर ड्राइव्ह हा रस्ता गेला. १९३७ मध्ये नदीवरील पुलाचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी केले. (त्या प्रसंगी त्यांनी आक्रमक राष्ट्रांना वाळीत टाकण्याविषयी भाषण केले, भाषण इतिहासात राहिले, पूल विस्मरणात गेला.) प्रारंभीचा हा रम्य विहारमार्ग मोटारी वाढताच द्रुतगती रस्ता बनला. फील्ड संग्रहालयाच्या पूर्वेकडून उत्तरगामी आणि पश्चिमेकडून दक्षिणगामी वाहने धावत, त्यामुळे संग्रहालय जणू बेटावर अडकून पडले होते. १९९६ मध्ये उत्तरगामी मार्ग उचलून पश्चिमेस नेण्यात आला आणि १९९८ मध्ये फील्ड संग्रहालय, शेड मत्स्यालय व अॅडलर तारांगण यांना जोडणारे सलग उद्यान खुले झाले. याचा खर्च मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शनगृहाच्या विस्तारयोजनेतून निघाला, आणि त्या योजनेचे कर्जरोखे फेडण्यासाठी उपाहारगृहे, हॉटेले व भाड्याच्या मोटारी यांवर कर बसविण्यात आले होते. गंमत अशी, की १९६० मध्ये अगदी काठावर बांधलेले हे प्रदर्शनगृह स्वतःच किनाऱ्यावरील मोठे अतिक्रमण म्हणून टीकेस पात्र झाले होते. दोषी पक्षाकडूनच दंड वसूल व्हावा, असा हा प्रकार!

बांधांचा प्रश्न तसाच उरला होता. लाकडी खांब आणि चुनखडीचे चिरे यांनी रचलेली जुनी तटबंदी, सरोवराची पातळी उतरून लाकूड उघडे पडले की कुजे. १९८७ च्या वादळात लाटा थेट रस्त्यावर आल्या. १९९६ च्या कायद्याने २० कोटी ४० लाख डॉलरांची योजना मंजूर झाली. त्यांपैकी ११ कोटी संघराज्याचे आणि उरलेले स्थानिकांचे. १८५२ मध्ये जे ओझे कोणी उचलले नव्हते, ते आता करदात्यांनी वाटून घेतले.

पण ज्याचा पैसा त्याचे माप, हे येथेही खरे ठरले. लष्करी अभियंता दलाच्या योजनेतील काँक्रीटच्या पायऱ्या दक्षिणेकडील प्रोमोंटरी पॉइंट या भूशिरावर येताच रहिवाशांनी हरकत घेतली. आल्फ्रेड काल्डवेलने आखलेल्या त्या उद्यानाभोवतीचे चुनखडीचे ओबडधोबड चिरे त्यांना हवे होते. त्यांवर बसूनच तेथील पिढ्यांनी सरोवर पाहिले होते. वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला. २०२३ मध्ये शहराने त्या भूशिराला संरक्षित वारशाचा दर्जा दिला.